विश्लेषण : स्पर्धेतील रोबो ऐन मैदानात का थांबतो?

जानेवारीत खेळाचे नियम जाहीर होतात. पुढच्या काही आठवड्यांत शाळकरी मुले पन्नास किलोंच्या आसपास वजनाचा रोबो उभा करतात, त्यासाठी रात्री जागवतात, प्रायोजक शोधतात. आणि प्रत्यक्ष सामन्यात तो पहिल्याच मिनिटाला जागच्या जागी थांबतो. मोटर शाबूत, बॅटरी भरलेली, तरीही हालचाल नाही. अशा वेळी बोट दाखवले जाते ते ‘वाय-फाय’कडे. पण दोष दर वेळी हवेतल्या लहरींचाच असतो का? ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ अर्थात एफआरसी या जागतिक स्पर्धेचा अनुभव वेगळेच सांगतो.

रोबोपर्यंत आज्ञा पोहोचते कशी?

अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. तिची एफआरसी ही स्पर्धा १९९२ पासून होते. सामना सुमारे अडीच मिनिटांचा. दोन बाजूंचे तीन-तीन, असे सहा रोबो एकाच वेळी मैदानात असतात. सुरुवातीचे काही सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, नंतर विद्यार्थी लॅपटॉपवरून तो चालवतात. लॅपटॉप मैदानाच्या यंत्रणेला केबलने जोडलेला असतो. तिथून ॲक्सेस पॉइंट, पुढे हवेतून रोबोवरचा रेडिओ आणि शेवटी केबलने ‘रोबोरिओ’ हा मुख्य नियंत्रक, असा आज्ञेचा प्रवास होतो. लॅपटॉप सेकंदाला सुमारे ५० वेळा नवी आज्ञा पाठवतो. आज्ञा येणे बंद झाले, की रोबो मोटरचा पुरवठा तोडतो. थांबणे ही सुरक्षेची सोय आहे. नियंत्रण सुटलेले जड यंत्र मैदानात भरकटण्यापेक्षा ते थांबलेले बरे.

सहा रोबोंची गल्लत कशी होत नाही?

प्रत्येक संघाचा आयपी पत्ता त्याच्या क्रमांकावरून ठरतो. समजा संघाचा क्रमांक १२३४ आहे. मग त्याच्या रेडिओचा पत्ता १०.१२.३४.१ आणि रोबोरिओचा १०.१२.३४.२. पाच आकडी क्रमांक असेल, उदाहरणार्थ १२३४५, तर पत्त्याची सुरुवात १०.१२३.४५ अशी होते. स्पर्धास्थळी प्रत्येक रेडिओत संघाचा क्रमांक आणि स्वतंत्र पासवर्ड भरला जातो. शिवाय मैदानाची यंत्रणा सहाही संघांचे जाळे एकमेकांपासून वेगळे ठेवते. त्यामुळे एका संघाच्या लॅपटॉपला दुसऱ्याचा रोबो दिसतही नाही. प्रत्येक संघाने किती डेटा पाठवायचा, यावरही मर्यादा असते. रोबोवरच्या कॅमेऱ्याचे चित्र अवाजवी स्पष्ट ठेवले तर ही मर्यादा लवकर गाठली जाते आणि चित्र अडखळू लागते.

२०१२ मध्ये काय घडले?

त्या वर्षी अमेरिकेतील सेंट लुइस येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत अंतिम लढतींच्या ‘आइन्स्टाइन’ मैदानावर अनेक रोबोंचा संपर्क वारंवार तुटला. वर्षभराची मेहनत हजारो प्रेक्षकांसमोर उभ्या उभ्या वाया गेली. संस्थेने प्रकरण झाकले नाही. संबंधित संघांना रोबोंसह पुन्हा बोलावून चाचण्या घेतल्या आणि जुलै २०१२ मध्ये सविस्तर अहवाल जाहीर केला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, रोबोच्या जाळ्याशी मोबाइलवरून चुकीच्या पासवर्डने जोडण्याचा प्रयत्न केला, तर त्या वेळच्या यंत्रणेत रोबोची खरी जोडणीच तुटत होती. आणि असा प्रयत्न एका व्यक्तीने प्रत्यक्ष केला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सगळे बिघाड त्या एका कारणाने झालेले नव्हते. काही रोबोंच्या स्वतःच्या जोडण्यांतही दोष होते.

नव्या रेडिओने काय बदलले?

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत वाय-फायची मोठी गर्दी असते. भरलेल्या क्रीडागृहात शेकडो मोबाइल, त्यांची हॉटस्पॉट आणि इमारतीचे स्वतःचे राउटर एकाच वेळी बोलत असतात. म्हणूनच स्पर्धास्थळी संघांनी स्वतःचे वाय-फाय सुरू करू नये, असा नियम आहे. अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि तुलनेने मोकळा रस्ता मिळाला. २०२५ च्या हंगामात एफआरसीने ‘ओपनमेश’चे जुने रेडिओ बाजूला सारून ‘व्हिविड होस्टिंग’चा व्हीएच-१०९ हा रेडिओ आणला. तो मैदानाशी ६ गिगाहर्ट्झवर बोलतो. सरावासाठी त्यात २.४ गिगाहर्ट्झची सोयही आहे.

मग दोष लहरींचा की तारांचा?

रेडिओ कितीही चांगला असला तरी त्याला अखंड वीज लागते. धक्काबुक्कीत वीजपुरवठ्याची पिन क्षणभर जरी सैल झाली, तरी रेडिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो. तोवर अडीच मिनिटांच्या सामन्याचा मोठा हिस्सा निघून जातो. सगळ्या मोटर एकदम जोर लावू लागल्या, की १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब झपाट्याने उतरतो आणि नियंत्रक मोटर रोखतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकार ‘सिग्नल गेला’ असेच वाटतात. रेडिओ धातूच्या पत्र्यांआड किंवा मोटरला खेटून बसवणे, केबलचे कुलूप तुटलेले असणे, लॅपटॉपची फायरवॉल आड येणे, किंवा मैदानाची केबल लावूनही लॅपटॉपचे वाय-फाय चालू राहणे, ही आणखी काही नेहमीची कारणे.

खरे कारण शोधण्याचा मार्ग लॅपटॉपमध्येच असतो. रोबो चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सामन्याची नोंद राहते. बॅटरीचा दाब किती होता, किती आज्ञा हरवल्या, उत्तर यायला किती वेळ लागला, हे आलेखात दिसते. संपर्क तुटण्याच्या आधी दाब कोसळला असेल, तर वीज तपासावी. दाब स्थिर असून संपर्क अचानक गेला, तर रेडिओची पिन आणि केबल हाताने हलवून पाहावी. आज्ञा आधीपासूनच थोड्या थोड्या हरवत असतील, तर रेडिओची जागा आणि कॅमेऱ्याचा डेटा पाहावा.

भारतीय संघांनी काय करावे?

महाराष्ट्राला रोबो स्पर्धा नव्या नाहीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय ‘एबीयू रोबोकॉन’ २००८ आणि २०१४ मध्ये पुण्यात झाली. मात्र रेडिओच्या बाबतीत परदेशी स्पर्धेला जाणाऱ्या संघांनी एक फरक लक्षात घ्यायला हवा. भारतात ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा केवळ खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, परवानामुक्त करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. तो इमारतीच्या आतील कमी शक्तीच्या आणि बाहेरील अतिशय कमी शक्तीच्या वापरापुरता होता. त्यामुळे तिकडच्या मांडणीची इथे हुबेहूब नक्कल करण्याआधी चालू नियम पाहणे आवश्यक आहे. सरावाला २.४ गिगाहर्ट्झ किंवा साधी केबलही पुरते.

प्रश्न अखेर पैशांचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. अनुभवी मार्गदर्शक असलेला संघ बिघाड दहा मिनिटांत शोधतो. नवखा संघ नशिबाला दोष देत घरी परततो. हे अंतर महाग सुट्या भागांनी भरून निघत नाही. एका विद्यार्थ्याकडे जाळ्याची जबाबदारी द्यावी, प्रत्येक केबलवर चिठ्ठी लावावी आणि प्रत्येक सामन्यानंतर नोंदी वाचाव्यात. शाळांनीही ‘रोबो बनवला’ एवढ्यावर समाधान मानू नये. दोष पुराव्याने शोधण्याची सवय मुलांना लागली, तर ती रोबोपुरती उरणार नाही.