तयार मिळतं की!

काही वाक्यं दिसायला गरीब असतात, पण घरात शिरली की एकेक वस्तू बाहेर काढतात. 'तयार मिळतं की!' हे त्यातलं एक. या वाक्याने आधी आमचा पापडाचा पाटा हलवला, मग चकलीचा सोऱ्या माळ्यावर चढवला, मग दिवाळीचा आकाशकंदील दुकानात नेऊन टांगला. होमथिएटरचे स्पीकर मी स्वतः करणार असं जाहीर केलं, तेव्हा ते माझ्यापर्यंत आलं. घरची, सोसायटीतली आणि बँकेतली मिळून जेवढी माणसं भेटली, त्या सर्वांनी एकच वाक्य म्हटलं. 'का करतोयस?' असं मात्र कोणीही विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा लेखकाचा जुनाच धंदा असल्यामुळे ते इथे देतो.

हे लचांड मुळात सुरू झालं ते टीव्ही सडपातळ झाल्यामुळे. पूर्वीचा टीव्ही पोटाने सुटलेला असे, आणि त्या पोटात आवाजाला घोळायला जागा असे. आताचा टीव्ही म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. त्यात स्पीकर बसवायचे तर बहुतेक वेळा खाली नाहीतर मागे तोंड करून बसवावे लागतात. वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ करून भाषण ठोकावं तसला हा प्रकार! परिणाम असा, की गाणं लागलं की शेजारी भिंत ठोकतात, आणि नायिका दोन शब्द बोलली की आमची आई विचारते, "काय म्हणाली रे ती?" मी सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. मग तीही सांगावी लागतात. आईचे कान उत्तम आहेत. तीन घरांपलीकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे ती सांगते.

अशा वेळी माणूस दुकानात जातो. तिथला मुलगा आपल्याला आवाज ऐकवत नाही, वॅट ऐकवतो. खोक्यावर हजारांत आकडा असतो आणि त्यापुढे पीएमपीओ ही चार अक्षरं. आदर्श परिस्थितीत, क्षणभरासाठी, जास्तीत जास्त किती, असा त्याचा ढोबळ अर्थ. आणि तो क्षण कसा मोजायचा याचं सर्वमान्य प्रमाण नाही. पगाराच्या दिवशी दुपारी बारा वाजता खात्यात किती शिल्लक होती तेवढंच सांगून एखाद्याने कर्ज मागावं, त्यातली ही गत. कॉमर्सच्या पदवीधराला असला ताळेबंद दाखवू नये.

बरं, आकडा खरा असला तरी काय? वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. 10चे 100 केलेत तर आवाज दुप्पट! दहापट मुद्दल घालून दुप्पट परतावा देणारी ठेव योजना आमच्या बँकेने काढली, तर काउंटरवर चिटपाखरू फिरकणार नाही. स्पीकरच्या दुकानात मात्र हीच योजना रांग लावून घेतली जाते. वास्तविक हॉलमध्ये नेहमीच्या आवाजात सिनेमा बघायला स्पीकरला एखादा वॅट पुरतो.

आता डब्याकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. चुंबकात तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला शंकू, ही रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या राईस आणि केलॉग या दोघांनी 1925 साली मांडली. शंभर वर्षं झाली, आपल्या घरातले बहुतेक स्पीकर अजून त्याच जातीचे. असा स्पीकर नुसता टेबलावर ठेवून वाजवून बघा. रडका आवाज येईल. कारण शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल पडते. या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि खर्जाचा हिशेब शून्यावर येतो. जमा आणि नावे एकाच खात्यावर पडले की दुसरं काय होणार? डबा करायचा तो नावेची बाजू कोंडून ठेवण्यासाठी. (बँकेत असं केलं तर चौकशी बसते.) टेपरेकॉर्डरचा स्पीकर मडक्याच्या तोंडावर बसवून अख्ख्या आळीला गाणी ऐकवणाऱ्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण कळलं होतं.

डबा केवढा हवा, याचंही गणित आहे. ऑस्ट्रेलियात थील नावाच्या इंजिनिअरने 1961 साली ते मांडलं, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्मॉल यांनी पुढे नेलं. आज ती सूत्रं फुकटच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये मिळतात. स्पीकरबरोबरच्या कागदावरचे आकडे घातले, की किती लिटरचा डबा ते समोर येतं. माझे आले साडेसतरा लिटर. सुताराला मी ते सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, दूध ठेवायचंय का रॉकेल?"

पण त्याला आतून 35 बाय 20 बाय 25 सेंटिमीटर असं सांगितल्याबरोबर, अठरा मिलिमीटरच्या फळीसाठी दर बाजूला किती वाढवायचं हे त्याने तोंडीच सांगितलं. डबा जोडून झाला तेव्हा त्याने बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, कान लावला आणि म्हणाला, "हा बोलतोय. मध्ये आडवी पट्टी टाकू." मी थक्क झालो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याचा भोपळा निवडतात तो बोलण्यासाठी. स्पीकरचा डबा गप्प बसावा लागतो, कारण बोलायचं काम दुसऱ्याचं आहे. ही गोष्ट दुकानातल्या मुलाने मला कधी सांगितली नव्हती. सुताराने थील वाचलेला नव्हता. पण त्याने आयुष्यभर लाकूड ऐकलं होतं.

पुढचं काम किरकोळ. डब्यात उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरायचा. वूफरच्या वाटेवर तारेची गुंडाळी घालायची, ती फक्त खर्ज सोडते. ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर, तो खर्ज अडवतो. बँकेच्या दारातला शिपाई 'ठेवी डावीकडे, कर्ज उजवीकडे' म्हणतो, तेवढंच. अँप्लिफायर मात्र मी विकतच घेतला. 230 व्होल्टशी हौशी माणसाने सलगी करू नये. हौस नंतर पुरी करायला माणूस उरावा लागतो.

आणि सुरुवात केली ती मधल्या स्पीकरपासून. होमथिएटरच्या पाच आणि पॉइंट एकमध्ये लोकांचा जीव त्या पॉइंट एकवर. त्याच्या वाट्याला 120 हर्ट्झपर्यंतचा गडगडाटच असतो, पण दुकानात तोच ऐकवतात. संवाद बहुतेक मधून येतात. मधला डबा टीव्हीखाली, तोंड आमच्याकडे करून ठेवला, आणि त्या आठवड्यात आईने 'काय म्हणाली' विचारणं बंद केलं. आता ती उलट नायिकेला उत्तरं देते.

विरोधकांचा सर्वांत दणकट मुद्दा मी लपवणार नाही. हे स्वस्त पडत नाही. फळ्या, सुताराची मजुरी, लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या आणि तिथे प्रत्येक फेरीला लागणारा वडापाव, हे सगळं मांडलं तर पहिली जोडी तयार मालाच्या आसपासच जाते. रविवारही जातात, ते वेगळे. पैसे वाचवायचे असतील तर खुशाल विकत घ्या. माझं भांडण विकत घेण्याशी नाहीच. माझं भांडण त्या 'की'शी आहे. 'तयार मिळतं' ही माहिती झाली. 'मिळतं की' म्हटलं की विषय मिटला. मग ती वस्तू कशी चालते हे कोणी विचारायचं नाही, आणि विचारलं नाही की वॅटचा कोणताही आकडा आपल्या गळ्यात मारता येतो.

आपण मध्यमवर्गीय माणसं भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघतो, नारळ कानाशी हलवून बघतो, आंब्याचा देठाशी वास घेतो. पण वस्तूला वायर लागली की आपली सगळी इंद्रियं संपावर जातात आणि आपण खोक्यावरचं वाचायला लागतो. एकदा तरी एक डबा करून बघा. दुसरा करू नका हवं तर. पण त्यानंतर दुकानात गेलात तर वॅट विचारू नका. डबा बोटाने ठोका, कान लावा आणि ओळखीची माणसं बोलताहेत असं एखादं दृश्य हळू आवाजात लावायला सांगा. दुकानातला मुलगा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे. नारळवालासुद्धा तसाच बघतो, पण खराब नारळ देत नाही.