घर घेताना वस्ती पाहावी

रविवारच्या वर्तमानपत्रांत नव्या गृहसंकुलांच्या पानभर जाहिराती झळकतात. निळा तरणतलाव, हिरवळीवर खेळणारी मुले आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्थानकापासून अवघ्या पाच मिनिटांवर’! ही पाच मिनिटे मध्यरात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर मोटारीत बसून मोजलेली असतात, हे घेणाऱ्यास ताबा मिळाल्यावरच उमगते. सकाळी साडेसातला रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसास तेच अंतर अर्ध्या तासाचे पडते. तोवर वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

मुलीसाठी स्थळ पाहताना तीन पिढ्यांची चौकशी करणारी आपली माणसे घर मात्र नमुना-सदनिका पाहून एका दुपारी ठरवितात, हे नवलच म्हटले पाहिजे.

मुंबईच्या मध्यमवर्गाचे हे स्थलांतर आजचे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, तेव्हाच त्याची वाट मोकळी झाली. पुढे गिरगाव-दादरच्या चाळींतील दोन खोल्यांत वाढते कुटुंब मावेनासे झाले आणि पार्ले, ठाणे, डोंबिवली, बदलापूर, वसई-विरार असे बिऱ्हाड सरकत गेले. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. तत्कालीन ठाणे जिल्ह्याची मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. इतक्या कुटुंबांनी जागा निवडली खरी, पण कोणत्या हिशोबाने?

हिशोब चौरस फुटांचा होतो, तासांचा होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, तर बदलापूर ६८. कल्याणनंतर लोहमार्गाला कसारा आणि कर्जत असे दोन फाटे फुटतात. साहजिकच गाड्याही वाटल्या जातात आणि एक गाडी चुकली की कचेरीत उशिराचा शेरा ठरलेला. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन रोज साडेचार तास खर्ची पडत असतील, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ११२ तास होतात. म्हणजे चार अहोरात्रींहून अधिक काळ माणूस डब्यात आणि फलाटावर उभा असतो. वडील निघतात तेव्हा मूल झोपलेले, परततात तेव्हाही झोपलेले. जादा खोली ज्याच्या अभ्यासासाठी घेतली, त्याच्या वहीवर नजर टाकण्यास घरात कोणी नाही! नोकरी करणाऱ्या गृहिणीची ओढाताण तर याहून अधिक. महिला डब्याच्या दारात लोंबकळत आलेली बाई घरी पोहोचते ती थेट स्वयंपाकघरात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली आणि मृत्युमुखी पडली. स्वस्त घराची किंमत ठरविताना ही बाजू कोण धरतो?

दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात नळ कोरडा आणि पावसाळ्यात तळमजला जलमय, अशी वसाहत उपनगरांत दुर्मीळ नाही. उल्हास नदीने बदलापूरच्या सखल भागांना २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये वेढले. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले. ‘नदीकाठचे निसर्गरम्य घर’ असे शब्द छापले जातात, पूररेषा मात्र छापली जात नाही. ती नगरपालिकेत जाऊन पाहावी लागते. नुसते विचारण्यापेक्षा जुलैच्या एखाद्या मुसळधार दिवशी त्या रस्त्यावर पाऊल टाकणे अधिक खात्रीचे.

कागदपत्रांविषयी आताशा जागरूकता आली आहे. २०१७ पासून महारेरा अस्तित्वात आल्याने चटई क्षेत्राची लबाडीही कमी झाली. परंतु नोंदणी क्रमांक दिसला की निश्चिंत होणे घातक आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेथे राहणाऱ्या कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी ओतली होती. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात एक खेप घालणे आणि भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा न घेणे, एवढे कष्ट प्रत्येकाने घ्यावेतच. अनधिकृत इमारत स्वस्त का असते, याचे उत्तर ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्यावर ७४ जीव गमावून मिळाले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्येही तेच घडले.

एवढे पाहून झाले तरी खरी निवड शेजाराची राहते. डोंबिवलीचे उदाहरण बोलके आहे. खड्डे, गर्दी, औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे स्फोट (२०१६ आणि २०२४ चे स्फोट कोण विसरेल?) असे सारे दोष असूनही हे शहर सोडण्यास जुना डोंबिवलीकर सहजासहजी तयार होत नाही. गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये निघालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा आज गावोगावी अनुकरली जाते. २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले. हे वैभव कोणा विकासकाने सुविधांच्या यादीत लिहून दिलेले नव्हते. दिवसभर गाडीत दमून आलेल्या माणसांनी रात्री बैठका घेऊन ते उभे केले. उलट, उंच भिंतीआडच्या कित्येक संकुलांत समोरच्या दाराचे आडनावही ठाऊक नसते आणि गिरगावातून आणलेली आजी दिवसभर अकराव्या मजल्याच्या खिडकीत बसून असते. चाळीत तिला दुपारी चार सख्या होत्या. येथे उद्वाहन बंद पडले की देवळापर्यंत जाणेही खुंटते.

म्हणूनच अनामत रक्कम भरण्यापूर्वी कुटुंबाने एक संपूर्ण कामाचा दिवस त्या वस्तीत काढावा. सकाळची गाडी तेथून धरावी, रात्री तेथेच उतरावे, वाण्याशी आणि रिक्षावाल्याशी बोलावे, शाळा, दवाखाना, वाचनालय पायी हिंडून पाहावे. सोबत आजीलाही न्यावे. स्थानकाचा जिना आणि पदपथ तिच्या पायांनी मोजलेला अधिक खरा असतो.