विठाबाईंच्या फडाकडून काय शिकावे?

येडगावजवळचे नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. येथील विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. त्यांचा फड लोकांची वाट पाहत बसला नाही. गावोगावच्या यात्रांत जाऊन तो लोकांच्याच बोलीत बोलला. प्रभू येशूनेही गावोगावी फिरून शेत, बी आणि मेंढरांचे दाखले सांगितले. आपण मात्र चर्चची दारे उघडून भाविकांची प्रतीक्षा करतो.

२००२ साली विठाबाईंचे निधन झाले. त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. टाळ्या वाजविणारे हात तेव्हा दूर होते. लोकांपर्यंत जाणे आपण विठाबाईंकडून शिकावे, आणि टाळ्या थांबल्यावरही सोबत राहणे प्रभूकडून.