पुठ्ठ्याचा लोहगड

लोणावळ्याच्या बाजारातून पोरांसाठी तुकडे जोडून करायचं प्लास्टिकचं खेळणं आणलं, की ते तासाभरात जोडून होतं. एक तुकडा हरवला की सगळंच उकिरड्यावर. तिथं ते कुजत नाही आणि जाळलं तर विषारी धूर होतो.

यंदाच्या दिवाळीत पुठ्ठा घ्या. वाण्याकडचं रिकामं खोकं चालेल. फवारणीच्या औषधाचं मात्र नको. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरे.

मावळातल्या पोरांनी लोहगडच करावा. ५० मीटरला १ सेंटिमीटर असं माप धरा. ३ मिलिमीटरचा एक थर म्हणजे १५ मीटर चढ. खाली मोठा, वर लहान असे थर लावत जा. विंचूकाटा माची सुमारे दीड किलोमीटर लांब, म्हणजे पट्टी ३० सेंटिमीटरची. रुंदी सुमारे ३० मीटर, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर! एवढी चिंचोळी पट्टी स्वतः कापली, की ती माची पोर जन्मभर विसरत नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चारही दरवाजे जाड कागदाचे करा. ओल ही पुठ्ठ्याची वैरीण. गड उन्हात वाळवून मगच रंगवा.

२०२५ साली युनेस्कोनं लोहगड जागतिक वारसा यादीत घेतला. जगानं ओळखलेला गड पायथ्याच्या पोरांना परका राहू नये. दिवाळी झाली की मळवलीवरून पोरांना गडावर न्या. वाट तीच दाखवतील.