अंगणातला मोगरा

पुस्तकांतून भेटणारा वसंत ऋतू बहुधा शीतल वाऱ्याचा, कोवळ्या उन्हाचा आणि हिरव्यागार कुरणांचा असतो. तो शोधण्यासाठी सोलापूरचा एखादा मुलगा चैत्रातल्या दुपारी घराबाहेर पडला, तर त्याची निराशा होण्याचाच संभव अधिक. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. आणि नेमक्या याच महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर चढतो, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा गावी वसंत तो कसला, असे कोणी म्हटले तर ते वरवर पाहता खरेच वाटते.

वस्तुतः सोलापूरलाही वसंत आहे. मात्र तो कुरणांत शोधावयाचा नसून झाडांच्या शेंड्यांवर आणि घरांच्या अंगणांत शोधावयाचा आहे.

फाल्गुन सरता सरता कडुनिंब मोहरू लागतो. त्याची फुले इतकी लहान, की दिवसा ती पानांत चटकन दिसतही नाहीत. परंतु रात्री हवा निवल्यावर गच्चीवर अंथरूण टाकून पडलेल्या माणसांना त्यांचा मधासारखा गोड वास येतो, आणि सकाळी पाहावे तो झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. कडू म्हणून ज्या झाडाची ख्याती, त्याच्या फुलाला असा गोड गंध असावा, ही मोठ्या मौजेची गोष्ट आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला हाच मोहोर सोलापुरातील घरोघरी निरनिराळ्या रूपांनी पोचतो. मराठी घरी गुढीपाडवा असतो; तेथे कडुनिंबाची कोवळी पाने व फुले गूळ, ओवा, हिंग आणि मीठ यांच्याबरोबर वाटतात. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरी तोच दिवस उगादीचा. तेथे निंबाची फुले, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट एकत्र करून सहा रसांची पच्चडी केली जाते. कन्नड घरी निंब आणि गूळ, म्हणजे बेवु-बेल्ला, हातावर ठेवतात. एकाच झाडाचा मोहोर एकाच सकाळी तीन भाषांच्या घरांत जातो, असे भाग्य फार थोड्या गावांना लाभते.

शहराबाहेर पळसाचा केशरी बहर होळीच्या सुमारास येतो. पुढे वैशाखात बहाव्याला पिवळी झुंबरे लागतात, आणि मूळचा मादागास्कर बेटावरचा, पण आता कोणासही परका न वाटणारा गुलमोहर तांबडा होऊन उठतो.

ही सारी झाडे कोणाच्या तांब्याभर पाण्याची वाट पाहत नाहीत. त्यांची मुळे दूरवर गेलेली असतात आणि ती आपला ओलावा आपणच शोधून घेतात. अंगणातल्या फुलझाडाची गोष्ट मात्र निराळी आहे. चैत्रात अंगणात जे फूल दिसते, ते ऋतूने दिलेले नसते. ते कोणीतरी सांभाळलेले असते.

अंगणातील फुलांत सोलापूरच्या उन्हाळ्याचा राजा मोगरा होय. त्याला ऊन सोसते, एवढेच नव्हे तर ते हवेच असते. सावलीत ठेवलेला मोगरा पानांनी भरतो, पण कळी धरीत नाही. तिसऱ्या प्रहरी कळी टपोरी होते आणि दिवेलागणीनंतर उमलते. रात्री हिंडणाऱ्या पतंगांना अंधारात फूल सापडावे म्हणून निसर्गाने पांढरा रंग आणि दूरवर पोचणारा वास यांची ही योजना केली आहे. गजऱ्यासाठी कळ्या सायंकाळपूर्वीच खुडतात. त्यामुळे फूल उमलते ते वेलीवर नव्हे, तर आईच्या केसांत किंवा देवापुढच्या ताटात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांच्या जोडीला मोगरा नसेल, तर समारंभ अपुरा वाटतो. यालाच कन्नडमध्ये मल्लिगे म्हणतात आणि तेलुगूत मल्ले.

मोगऱ्याचा आणखी एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. दाट पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. त्याची नवी रोपे होतात ती फांदीपासून. याचा अर्थ असा, की अंगणातला प्रत्येक मोगरा हा पूर्वी दुसऱ्या कोणत्यातरी अंगणातल्या मोगऱ्याची फांदी होता.

वसंतात फुले फुलतात, म्हणून वसंतातच झाडे लावावी, असा पुष्कळांचा समज असतो. तो परदेशातील पुस्तकांवरून झालेला आहे. युरोपाच्या थंड भागांत हिवाळ्यात जमीन गोठलेली असते; वसंतात बर्फ वितळते, माती मोकळी होते आणि माणसे फावडी घेऊन बागेत उतरतात. तेथे ते योग्यच आहे. सोलापुरात चैत्रात लावलेले कोवळे रोप मात्र पुढच्या दोन महिन्यांच्या झळांत तग धरणे कठीण. येथे लावणीचा मुहूर्त मृगाचा, म्हणजे जूनचा. मग चैत्र-वैशाखात बागेत काम नाहीच काय? आहे. पावसाळ्यात जेथे झाड लावावयाचे, तेथे आताच खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा, म्हणजे मातीतील किडी व त्यांची अंडी नष्ट होतात. सुकलेला पालापाचोळा जाळू नये; तो झाडांच्या बुंध्याभोवती पसरावा, म्हणजे ओल उडून जात नाही. आणि तिसरे व सर्वांत मोठे काम म्हणजे जे झाड आहे ते जगविणे.

या कामाचा पाठ सोलापूरचा शेतकरी उत्तम जाणतो. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला तो ५,००० मिलिमीटरहून अधिक असतो. तरीही सोलापूरचे डाळिंब देशभर प्रसिद्ध आहे आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही २००५ सालापासून येथेच आहे. डाळिंबाला फूल यावे म्हणून शेतकरी त्याला भरपूर पाणी देतो असे नाही. उलट काही आठवडे तो त्याचे पाणी तोडतो. यालाच ताण देणे म्हणतात. झाडाची पाने गळतात, वाढ थांबते आणि झाड विसावा घेते. मग छाटणी करून खत घातले व पाणी सोडले, की नव्या पालवीबरोबर ते फुलांनी लहडते. आंबे बहर, मृग बहर आणि हस्त बहर असे तीन बहर याच युक्तीने धरतात. अंगणातल्या मोगऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो. पौषात त्याचे पाणी कमी करावे, जुन्या फांद्या निर्भयपणे छाटाव्या आणि माघात मुळाशी शेणखत घालून पाणी सुरू करावे. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. छाटण्याची दया आली, तर चैत्रात फुलांविना राहावे लागते.

येथवर ऐकून एखादी वडीलधारी बाई विचारील, की हे सारे ठीक, पण पाणी कोठून आणावयाचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी या नगरीत मोठा तलाव खोदविला, यावरूनच येथे पाण्याचे मोल किती होते ते कळते. पुढे इंग्रजी अमदानीत एकरुखचा तलाव झाला. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि शंभराहून अधिक किलोमीटरवरून त्याचे पाणी नळांनी शहरात येऊ लागले. एवढे होऊनही अनेक वर्षे येथील घरांना नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. १९७२ च्या दुष्काळाची झळही या भागाने सोसली. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली आगगाडी याच जिल्ह्यातून गेली. तो महिनाही चैत्राचाच होता. ज्या घरी हंड्यांची रांग लागली आहे, तेथे पिण्याचे पाणी फुलाला घालणे अयोग्य, हे त्या बाईंचे म्हणणे अगदी रास्त आहे. आणि घरासमोर हिरवळीचा गालिचा करून त्यावर पाण्याची नळी सोडून देणे, हे तर या गावी शोभणारे नव्हेच. ती हौस पावसाळी प्रदेशाकडून उसनी आणलेली आहे.

परंतु मोगरा नळाच्या पाण्यावरच जगतो, असे कोणी सांगितले? कोणत्याही स्वयंपाकघरात दररोज तांदूळ धुतले जातात, डाळ धुतली जाते, भाजी धुतली जाते. हे पाणी मोरीत जाते. त्यात साबण नसतो आणि झाडाला ते मानवते. एका कुंडीतल्या मोगऱ्याला उन्हाळ्यातही असे एक-दोन तांबे पाणी पुरते. मात्र ते दुपारी न घालता सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर घातले पाहिजे. जमिनीत लावलेल्या झाडासाठी जुने लोक आणखी एक युक्ती करीत. कुंभाराकडचे साधे, न रंगवलेले मडके झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरावयाचे, त्यात पाणी भरावयाचे आणि डास होऊ नयेत म्हणून वर झाकण ठेवावयाचे. मडक्याच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. भोवतालची माती सुकली, की ती पाणी ओढून घेते. ओली झाली, की पाझर मंदावतो. किती पाणी द्यावे हे येथे माणूस ठरवीत नाही, माती ठरविते. वरून ओतलेल्या पाण्यातील बराचसा भाग उन्हाने उडून जातो; मडक्यातले पाणी थेट मुळांना मिळते. गरिबाच्या घरालाही परवडणारे हे साधन आज विस्मरणात गेले आहे, ही खेदाची गोष्ट होय.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती काहींना रुचणार नाही. स्वतंत्र भारताचे एक मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दरवर्षी जुलै महिन्यात देशभर रोपे लावली जातात. हा उपक्रम थोर आहे. पण पुष्कळ ठिकाणी त्याचा हिशेब चुकीच्या वेळी केला जातो. आषाढात खड्डे खणतात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि इतकी रोपे लावली म्हणून आकडा जाहीर होतो. त्या वेळी आभाळातून पाणी पडत असते. काठी रोवली तरी ती हिरवी दिसावी, असे ते दिवस असतात. खरी मोजणी चैत्रात व्हावयास हवी. सोलापूरसारख्या गावी तर ती चैत्रावाचून दुसऱ्या कोणत्याही महिन्यात करूच नये. आषाढात शंभर रोपे लावणाऱ्या शाळेत चैत्रात दहा जगली असतील आणि दुसऱ्या शाळेने दहाच लावून दहाही जगविली असतील, तर दुसऱ्या शाळेला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तिची नव्वद रोपे वाया गेलेली नाहीत.

याच कारणासाठी घरातल्या प्रत्येक मुलाकडे पुष्कळ झाडे न देता एकच झाड द्यावे. कुंडीवर त्याचे नाव लिहिण्याचीही आवश्यकता नाही; ते कोणाचे, हे घरात सर्वांना ठाऊक होतेच. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाच्या गडबडीत त्याला पाणी घालावयाचे राहते. सुट्टी लागते आणि मूल आजोळी जाते. नेमक्या त्याच दिवसांत ऊन कडक असते. जाण्यापूर्वी शेजारच्या काकूंना, अक्कांना किंवा खालाजानना झाडाचे सांगून जाणे, ते कोणत्या वेळी पाणी पिते आणि किती पिते हे समजावून देणे, हीही बागेतलीच कामे आहेत. सोलापूरच्या कित्येक चाळींत आणि वाड्यांत अशा रीतीने एका घरचे झाड दुसऱ्या घरच्या पाण्यावर उन्हाळा काढते.

मग मृगाच्या पहिल्या सरी पडतात आणि मातीचा वास सुटतो. मोगऱ्याचा बहर आता ओसरत आलेला असतो. अशा वेळी त्याची एखादी लांब, लवचीक फांदी खाली वाकवून तिचा मधला भाग मातीत दाबावा आणि उसळून वर येऊ नये म्हणून त्यावर एक दगड ठेवावा. शेंडा मात्र बाहेर राहू द्यावा. पाऊसपाणी बरे झाले, तर श्रावण संपेपर्यंत दाबलेल्या जागी मुळे फुटतात. ती फांदी मूळ झाडापासून कापून, मातीसकट उचलून, सुट्टीत ज्यांनी पाणी घातले त्यांच्या घरी नेऊन द्यावी. पुढच्या चैत्रात दिवेलागणीच्या वेळी त्या घरातही वास दरवळेल, आणि कोणी म्हणेल मोगरा, कोणी मल्लिगे, कोणी मल्ले.