नोंदवहीबाहेरचे धर्मबांधव

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा आटोपते आणि त्यानंतर दोनएक महिन्यांत अहिल्यानगर, बीड, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड टोळ्या घराला कुलूप लावून निघतात. त्यांपैकी काही बारामती व इंदापूर तालुक्यांत येतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. या टोळ्यांत ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडीच असतात. परंतु जी असतात, ती आगमनकाळ, नाताळ आणि प्रायश्चित्तकाळाचा बहुतेक भाग उसाच्या फडात घालवतात. गळीत हंगाम आणि आपल्या उपासनावर्षातील हे पवित्र काळ नेमके एकाच वेळी येतात.

या कुटुंबांची काळजी कोणी घ्यावयाची? बीड व जालना जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतात, अहिल्यानगर नाशिक धर्मप्रांतात, तर बारामती-इंदापूर पुणे धर्मप्रांतात येते. म्हणजे उसाच्या एका फडात तीन धर्मप्रांतांचे उत्तरदायित्व एकत्र येते आणि बहुधा तेथेच ते हरवूनही जाते. गावचे धर्मगुरू म्हणतात, लोक बाहेरगावी गेले आहेत. इकडचे म्हणतात, ते आमच्या नोंदवहीत नाहीत. दोघेही खोटे बोलत नसतात.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात मी एका धर्मग्रामात पाहुणा होतो. फडावरून आलेल्या एका जोडप्याने आपल्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा व्हावा, अशी विनंती केली. तुमच्या फादरांचे पत्र आणा, असे त्यांना सांगण्यात आले. नियमाच्या दृष्टीने ते उत्तर अगदीच निराधार नव्हते. बाळाचा बाप्तिस्मा साधारणतः आईवडिलांच्या धर्मग्रामात व्हावा असा संकेत आहे. ते जोडपे पुन्हा आले नाही. त्यांची टोळी कोणत्या गावाच्या शिवारात उतरली आहे, एवढे विचारण्याचेही मला त्या दिवशी सुचले नाही.

मात्र त्यांचे धर्मग्राम कोणते, हा प्रश्न आपण वाटतो तितक्या सहज सोडवू शकत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १०२ वे कलम आपण सेमिनरीत शिकलो आणि विसरलो. एखाद्या धर्मग्रामाच्या, निदान धर्मप्रांताच्या, हद्दीत जो तीन महिने राहण्याच्या हेतूने येतो किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहतो, त्याला तेथील अर्धनिवासी समजावे असे ते सांगते. १०७ व्या कलमानुसार अशा व्यक्तीला तेथील धर्मगुरू लाभतो. ज्याला कोठेच ठिकाणा नाही, त्याचा धर्मगुरू तो जेथे असेल तेथला. ऊसतोडीचा हंगाम चार-पाच महिने चालतो. टोळी या फडातून त्या फडात हलत असली, तरी धर्मप्रांताची हद्द ओलांडत नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ही माणसे पाहुणी नाहीत, आपलीच आहेत. ५२९ वे कलम तर धर्मगुरूने गरीब, एकाकी आणि देशांतर केलेल्यांचा स्वतः शोध घ्यावा असे म्हणते. त्यांनी पत्र घेऊन यावे, असे तेथे लिहिलेले नाही.

आरंभीच्या ख्रिस्तसभेतही हीच चूक घडली होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आहे. बाकीच्यांना अन्न मिळत होते, परभाषिकांना मिळत नव्हते. प्रेषितांनी त्यांना धीराचा उपदेश करून परत पाठवले नाही, त्या कामासाठी सात माणसे नेमली. करिंथमध्ये तर मंडळीतले काही जण आधीच जेवून घेत आणि दुसरे उपाशी राहत. पौलाचा संताप त्यावर आहे. ते उपाशी राहणारे बहुधा कामावरून उशिरा येणारे कष्टकरी असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत न थांबणाऱ्या बाईला आपली रविवारची सकाळची मिस्सा ही करिंथकरांच्या पंगतीसारखीच आहे.

आणि तिचा एक दिवस चुकला तर? त्याला खाडा म्हणतात. उचल घेतलेली असते, एका कोयत्याचा हिशेब पती-पत्नी दोघांचा मिळून असतो, खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाच्या समितीने पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अशा बहिणीला अन्नधान्याचे पुडके देणे चांगलेच. पण ती आजारी पडल्यास तिच्यासोबत बारामतीच्या दवाखान्यात जाईल, डॉक्टरांना चार प्रश्न विचारील आणि मुकादमाशी खाड्याबद्दल बोलेल, अशा माणसाची तिला अधिक गरज असते. आपल्या धर्मग्रामांत परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यात नोकरी केलेले भाविक आहेत. विशेषतः कारखान्याचा माणूस. मुकादमाशी कोणत्या भाषेत बोलावे हे आम्हा फादर मंडळींना कळत नाही, त्याला कळते. आणि शेजारच्या कोपीत तापाने फणफणलेले मूल ख्रिस्ती नसेल, तर तो ते सोडून पुढे जाणार नाही, हे सांगावे लागू नये.

गावी राहिलेल्या वृद्धांचा विचारही येथेच यावा. मुले, सुना फडावर. मागे म्हातारा-म्हातारी आणि शाळेतली नातवंडे. तेथील लघु ख्रिस्ती समूहाने रोज एका घरी डोकावणे फार कठीण नाही.

२०२१ मध्ये राज्य शासनाने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे ठरवले. ग्रामसेवकाने करावयाचे ते काम आपल्या गावचे धर्मगुरूही करू शकतात. कुटुंबप्रमुखाचे नाव, कारखाना, मुकादमाचा मोबाइल क्रमांक, आजारी वा गरोदर कोणी असल्यास तेवढी नोंद. ही यादी ऑक्टोबरात पुण्याला पोहोचावी आणि बारामती-इंदापूरकडील भाविकांनी नोव्हेंबरात फडावर जाऊन पहिली भेट घ्यावी. रविवारी रात्री उशिरा, फडाजवळ मिस्सा ठेवावी. वेळ टोळीला विचारून ठरवावी, आपल्या सोयीने नव्हे. यादी करण्यास सर्वांत सोयीची जागा हरेगावच आहे. यात्रेला ही मंडळी येतातच. पुढच्या सप्टेंबरात तेथे मेणबत्त्यांच्या दुकानांशेजारी एक टेबल आणि एक वही ठेवून दोन स्वयंसेवक बसवले, तरी सुरुवात होईल.