कचरा वाऱ्याने उडतो, जबाबदारी कोण उडवून लावतो?

वसई पूर्वेला गोखिवरे येथील भोईदापाड्यात महापालिकेची कचराभूमी आहे. २००९ साली चार नगरपरिषदा आणि परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली. माणसे वाढली, इमारती वाढल्या, कचराही वाढला. या कचराभूमीची चर्चा होते ती आग लागली किंवा दुर्गंधी सुटली की. वाऱ्याने उडणाऱ्या कचऱ्याचा प्रश्न कोणी विचारत नाही. पिशवीच ती, उडाली तर उडाली, असे म्हणून विषय संपवला जातो.

पण उडालेली पिशवी नाहीशी होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत समुद्राकडचा वारा जोर धरतो. उघड्या ढिगावरची पातळ पिशवी, वेष्टने, थर्माकोलचे तुकडे तो उचलतो आणि शेतात, विहिरीत, नाल्यात नेऊन टाकतो. गुरे ते खातात. पाऊस आला की तेच नाल्याच्या तोंडाशी अडकते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, हे आपण विसरलेलो नाही. जेथे पाण्याचा निचरा आधीच होत नाही, तेथे नाल्यात आणखी प्लास्टिक जाऊ देणे म्हणजे सखल भागातल्या गरिबाच्या घरात पाणी सोडणे होय.

वाऱ्याला कोण अडवणार, असा युक्तिवाद प्रशासन करील. वारा अडवायला कोणी सांगितलेले नाही. कचरा झाका, एवढेच कायदा सांगत आला आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. कचरा वाहणारी गाडी झाकलेली असावी आणि कचरा रस्त्यात विखुरता कामा नये, हे त्या नियमांतच लिहिले होते. भरावभूमीला कुंपण घालावे, कचरा पातळ थरांत दाबावा आणि दिवसाचे काम संपताच त्यावर किमान १० सेंटिमीटर माती किंवा राडारोडा टाकावा, असेही त्यांत होते. २०१६ च्या नियमांनी याच अटी पुन्हा घातल्या. भरावभूमी वस्तीपासून २०० मीटर दूर असावी, असेही सांगितले. म्हणजे कायदा होता, उपायही माहीत होता. मग उणीव कशाची होती? अंमलबजावणीच्या इच्छेची!

यात अवघड तंत्रज्ञान नाही. गाड्या रिकाम्या करण्याची जागा लहान ठेवावी. वाऱ्याच्या दिशेने हलवता येतील अशा उंच जाळ्या उभ्या कराव्यात. जोराचा वारा असेल तेव्हा हलका कचरा उघड्यावर ओतू नये. सुका कचरा घरातच वेगळा झाला तर तो ढिगावर येणारच नाही. पण तो जेथे वेगळा करून ठेवतात तेथेही छप्पर हवे, आणि प्लास्टिकचे गठ्ठे घट्ट बांधलेले हवेत. नाहीतर पुनर्वापर केंद्र हेच उडत्या कचऱ्याचे दुसरे केंद्र होते.

आता मूळ प्रश्न. झाकणमाती न टाकून वाचवलेला पैसा कोणाच्या अंगावर निघतो? कुंपणाला, झुडपांना, नाल्याला अडकलेला कचरा शेवटी कोणीतरी हाताने वेचतो. सफाईच्या कामात आजही बहुसंख्य कोण आहेत, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. काल जे काम जातीने लादले, तेच आज कंत्राटाने लादले जाते. हातमोजे, मास्क, योग्य पादत्राणे, रेनकोट देणे २०१६ च्या नियमांनी स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवले. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिले. महापालिकेला कंत्राटदाराकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याची लढाई २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकली. संघटित कामगार जिंकतो, याचा हा पुरावा आहे.

म्हणून आपली मागणी केवळ डम्पिंग हलवा एवढीच असू नये. एका पाड्यावरून उचलून दुसऱ्या पाड्यावर टाकलेला कचरा हा न्याय नव्हे. तेथेही आपलीच माणसे राहतात. रोजची झाकणमाती, जाळ्या, झाकलेल्या गाड्या आणि उडालेला कचरा वेचणाऱ्यांची स्वतंत्र मजुरी व साधने, या चार गोष्टी कंत्राटातच लिहिल्या गेल्या पाहिजेत. त्या न केल्यास देयकातून रक्कम कापली जावी. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात कंत्राटाची प्रत मागावी, मातीच्या खर्चाची बिले मागावीत, हातमोजे दिल्याच्या नोंदी मागाव्यात. माती कागदावर पडली की कचऱ्यावर, हे त्यातून उघड होईल.

भारतीय संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जीवनाचा हक्क स्वच्छ परिसरासह आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तो हक्क इमारतीत राहणाऱ्याला जितका आहे, तितकाच भोईदापाड्याच्या रहिवाशाला आणि त्या ढिगावर काम करणाऱ्या कामगारालाही आहे. तो मागून मिळत नसेल तर कागदपत्रे घेऊन न्यायालयात उभे राहण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.